जिन्यात अडकलेली कॉट

कॉट घराबाहेर काढायची, एवढंच काम होतं.

मी आयुष्यभर एका कारखान्याच्या गोदामात स्टोअरकीपर होतो. मोटारी, काचेची तावदानं, एकदा तर अख्खा बॉयलर मी आत घेतला आणि बाहेर पाठवला, कुठे ओरखडा उठू दिला नाही. गोदामाचा नियम साधा असतो. दारातून आत आलेली वस्तू दारातून बाहेर जाते. त्यामुळे एक लोखंडी कॉट तिसऱ्या मजल्यावरून खाली न्यायची, हे मला काम वाटलंच नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर इमारतीतल्या लोकांनी माझ्या नोकरीबद्दल जे काय काढलं ते ऐकलं तर तुमचाही विश्वास उडेल.

कॉट म्हणजे हॉस्पिटलात असते तशी. पायथ्याला हँडल, ते फिरवलं की डोक्याकडचा भाग वर येतो. आमच्या हिच्या आजारपणात घेतली. ती आली तेव्हा मी हिला घेऊन दवाखान्यात होतो. मेहुणीनं दार उघडलं, कंपनीच्या माणसानं सुटे भाग वर आणले, खोलीतच जोडले आणि तो गेला. ही त्या कॉटवर उन्हाळाभर होती, त्यानंतरचेही काही महिने होती. थंडी पडायच्या आत गेली. कॉट राहिली.

माणूस गेल्यावर घरातल्या बाकीच्या वस्तूंना काही कळलेलं नसतं. कपाट, मिक्सर, इस्त्री, सगळं आपापल्या जागी गप्प असतं. कॉटला मात्र सगळं कळलेलं असतं. मी त्या खोलीचं दार लावून घेतलं आणि बाहेरच्या सोफ्यावर झोपायला लागलो. सोफा दोन माणसांना बसण्यासाठी केलेला आहे. एका माणसानं झोपावं असं करणाऱ्याच्या मनात नसावं.

अशात मुलीचा फोन आला. ती लांब राहते. वर्षअखेरची सुट्टी लागत होती.

"बाबा, मी शनिवारी येतेय."

"ये ना."

"आणि एक सांगायचं होतं. चिडू नका."

असं सांगून कोणी बोलायला लागलं की मी आधीच चिडतो. पण ऐकून घेतलं.

"तुम्ही फोनवर नुसत्या तक्रारी करता. नळाची, मावशीची, सेक्रेटरीची, पेपर उशिरा येतो त्याची. अख्खा फोन त्यातच जातो."

"पेपर येतोच उशिरा."

"बघा. म्हणूनच म्हणते, सुट्टीचे दिवस आहेत, रोज एका गोष्टीबद्दल आभार माना. मनातल्या मनात चालेल. त्यानं बरं वाटतं."

"कोणाचे मानू?"

"कोणाचेही हो. मानून तर बघा." मग तिचा आवाज बदलला. "आणि बाबा, मी आल्यावर घर बघणार आहे. तुमचं खाणं, झोपणं, सगळं. जमत नसेल ना, तर या वेळी तुम्हाला घेऊनच जाणार. घराला कुलूप. मी ठरवलंय."

मुलगी आईवर गेली आहे. ठरवलंय म्हटलं की ठरलेलं असतं.

मला जायचं नव्हतं. तिच्याकडे सगळं चांगलं आहे, जावई चांगला आहे, पाणी चोवीस तास आहे. पण या घरात मला अजून हिच्या वस्तू सापडतायत. परवा पिठाच्या डब्यामागे तिचा चष्मा मिळाला, जो आम्ही वर्षभर शोधत होतो. घराला कुलूप लावलं की सापडणं बंद.

म्हणून मी ठरवलं की दोन्ही गोष्टी करायच्या. आभारही मानायचे आणि घरही दाखवण्यासारखं करायचं.

पहिल्या दिवशी मी गरम पाण्याचे आभार मानले. संध्याकाळी गीझर बंद पडला. दुसऱ्या दिवशी शेजारी शांत आहेत याचे मानले, तर वरच्या मजल्यावर कोणीतरी फरशी ठोकायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी विचार केला की ज्याला बिघडता येत नाही अशाच गोष्टीचे आभार मानावेत. भिंतीचे मानले. माणसानं सोफ्यावर बसून समोरच्या भिंतीचे आभार मानावेत, अशी वेळ कोणावर येऊ नये.

घराचं म्हणाल तर सगळ्यात आधी कॉट जायला हवी होती. मुलगी आल्या आल्या खोलीचं दार उघडणार, कॉट बघणार, मग सोफ्यावरची उशी बघणार, आणि काय ते समजणार. हिशोब सरळ होता.

मी चूक एवढीच केली की ही गोष्ट चारचौघांत बोललो.

मेहुणी म्हणाली, "भाऊजी, टाकू नका हं. वर छान चादर घाला. दिवाण दिसेल."

"त्याला हँडल आहे."

"हँडलवर टॉवेल वाळत घाला."

वरच्या मजल्यावरचे सर शाळेत व्यायाम शिकवायचे. आता गुडघे गेलेत, आवाज मात्र मैदानातलाच आहे. ते जिन्यातून म्हणाले, "ठेवा हो. ऐन वेळी घ्यायला गेलं की मिळत नाही. उद्या तुम्हालाही लागेलच की." हे ते अगदी मायेनं म्हणाले. चौथ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहतो. तो म्हणाला, "काका, जड सामान उतरवायचं तर आधी कळवावं लागतं."

"आता कळवलं की."

"लेखी."

मी लेखी कळवलं. कॉट खोलायची तर विशिष्ट चावी लागते, ती कंपनीच्या माणसाकडे असते. कंपनीला फोन केला. एक बाई गोड आवाजात म्हणाल्या की माझा फोन त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे आणि सुट्टीमुळे ऑफिस नव्या वर्षात उघडेल. मी त्यांना माझी अडचण सांगितली. त्यांनी पुन्हा सांगितलं की माझा फोन महत्त्वाचा आहे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती टेप आहे.

गावाबाहेर एक वृद्धाश्रम आहे, त्यांना कॉट हवी होती. तिथल्या क्लार्कला बिलाची प्रत दाखवली. त्यानं ती उलटसुलट पाहिली.

"बिल बाईंच्या नावावर आहे. देणगीदार त्या झाल्या. त्यांची सही लागेल."

"त्या येऊ शकणार नाहीत."

"सुट्टीवर आहेत का?"

मी बिलाकडे बघत राहिलो.

"हरकत नाही," तो म्हणाला, "सुट्टीनंतर आल्या तरी चालेल."

मग मी सांगितलं. तो बिचारा इतका ओशाळला की त्यानं लगेच शिक्का मारला आणि म्हणाला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोचवा, नंतर आमचंही स्टोअर बंद. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारले, पण बायको मेली म्हणून शिक्का लवकर मिळतो हे मला माहीत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी दोन हमाल आणि एक टेम्पो आला. हमालांनाही गावी जायचं होतं, माझं काम त्यांचं शेवटचं. त्यांनी आधी गादी नेली. मग कॉट उचलली. कॉट उभी करून दारातून बाहेर काढण्यात मी स्वतः देखरेख केली आणि ते काम, मी सांगतो, उत्तम झालं. इथपर्यंत माझ्या नावाला बट्टा नव्हता.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. जिना अर्ध्यावर वळतो. हमालांनी डोक्याकडची बाजू पुढे घेतली, हँडलची बाजू मागे. वळणावर पुढचा हमाल म्हणाला, "साहेब, बसत नाय."

"तिरकी घ्या," मी म्हणालो.

"तिरकीच हाय."

"मग अजून तिरकी घ्या."

त्यांनी अजून तिरकी घेतली. कॉटचं एक चाक कठड्याच्या दोन गजांमध्ये गेलं, हँडलकडचा पाय वरच्या पायरीवर चढला, आणि कॉट थांबली. ओढली तर येईना, ढकलली तर जाईना. आवाज ऐकून सर खाली आले आणि वरून सूचना द्यायला लागले. खालून दुसऱ्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाई आल्या, त्या खालून द्यायला लागल्या. मी मधून देत होतो. हमाल काही वेळ तिघांचंही ऐकत राहिले. मग त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, कपाळाचा घाम पुसला, आणि गाडी चुकेल म्हणून निघून गेले. टेम्पोही गेला, गादी घेऊन.

अर्ध्या तासात वृद्धाश्रमातून फोन आला. "गादी मिळाली. आपले आभारी आहोत. कॉट कुठवर आलीय?"

"वळणापर्यंत," मी म्हणालो.

सेक्रेटरीनं पाहणी केली. कठड्याचा एक गज कापला तर कॉट सुटली असती. पण कठडा इमारतीच्या मालकीचा. तो कापायचा तर सभा हवी. सभेला किमान निम्मे सभासद हवेत, आणि निम्म्याहून जास्त सभासद सुट्टीवर गेलेले. वेल्डिंगवालाही गेलेला. "मी माझ्या अधिकारात काही करू शकत नाही," सेक्रेटरी म्हणाला. तो एरवीही काही करत नाही, पण अधिकार नसल्यामुळे करत नाही हे त्या दिवशी कळलं.

आता जिना बंद नव्हता, पण उघडाही नव्हता. वर-खाली करायचं तर एकच उपाय होता. कॉटच्या डोक्याकडच्या पट्ट्यांवर बसायचं, पाय उचलायचे, गिरकी घ्यायची आणि पलीकडे उतरायचं. म्हणजे वरच्या मजल्यांवरच्या प्रत्येकाला आमच्या हिच्या कॉटवर बसल्याशिवाय घरी जाता येईना.

मला वाटलं होतं लोक शिव्या घालतील. एकदोघांनी घातल्याही. पण बसलेला माणूस लगेच उठत नाही, हा माझा गोदामातलाही अनुभव आहे. बसला की त्याला बोलावंसं वाटतं.

ही गेल्यापासून इमारतीतले लोक मला टाळत होते. वाईट म्हणून नाही. जिन्यात भेटले की पायऱ्या मोजत असल्यासारखे खाली बघायचे. आता मी वरच्या पायरीवर बसलो होतो, माझ्याच अपराधाची राखण करत, आणि ते माझ्यासमोर अर्ध्या फुटावर बसत होते. खाली बघायला जागाच नव्हती.

सर बसले, गुडघे चोळले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मैदानातून आत आला. "मी तुमच्याकडे आलो नाही बघा. रोज ठरवायचो. तुमच्या दाराशी आलो की वाटायचं, आपण विचारणार कसं काय, तुम्ही सांगणार बरं आहे, मग पुढे काय? म्हणून वरच जायचो."

"बरं आहे," मी म्हणालो.

"बघा. आता पुढे काय?"

पुढे ते उठले नाहीत, बसून राहिले. फरशी तेच ठोकत होते हेही त्यांनी सांगून टाकलं. बाथरूममध्ये पकडायला दांडी बसवत होते.

शिलाईवाल्या बाई वर आल्या त्या एक जुनी चादर घेऊन. लोखंड टोचतं म्हणून त्यांनी ती पट्ट्यांवर अंथरली. उठता उठता म्हणाल्या, "भाऊ, ताईंचा एक गाऊन माझ्याकडे राहिलाय. समोरून उघडा करून द्या म्हणाल्या होत्या, डोक्यातून घालता येत नाही म्हणून. मी केला. द्यायला येणार तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "काय करू त्याचं?"

"राहू द्या तुमच्याकडे," मी म्हणालो. मग म्हणालो, "नाही, द्या."

त्या दिवशी आभार कशाचे मानावेत ते मला कळलं नाही. सकाळी मुलगी येणार होती आणि तिला दिसू नये म्हणून जी वस्तू मी खोलीतून काढली, ती आता जिन्याच्या मधोमध होती. खोलीत निदान दार तरी लावता आलं असतं. मी सोफ्यावर पडलो आणि तिच्या घरी माझी खोली कुठली असेल त्याचा विचार केला. खिडकी असलेली देतील. देतीलच.

शनिवारी सकाळी सेक्रेटरी आला. गिरकी घेऊन वरच्या बाजूला, माझ्याकडे उतरला, कारण त्याला कठड्याचं माप घ्यायचं होतं. सरही काठी घेऊन खाली आले होते. माप घेऊन झाल्यावर सेक्रेटरीची नजर हँडलवर पडली.

"हे चालतं का अजून, काका?"

"चालतं. पण हात लावू नका."

मी हे म्हणालो त्याला सर साक्षीदार आहेत. पण हँडल दिसलं की फिरवायचं, हा पुरुषाचा स्वभाव आहे, त्याला सेक्रेटरीपदही अपवाद नाही. त्यानं फिरवलं. डोक्याकडचा भाग वर यायला लागला. "अरे वा," तो म्हणाला आणि अजून फिरवलं. पट्ट्यांची ती चौकट उभी राहता राहता तिचा एक कोपरा भिंतीवरच्या पाण्याच्या पाइपाखाली गेला आणि रुतला. सेक्रेटरीनं उलटं फिरवलं. हँडल हलेना. सरांनी जोर लावला, मी लावला. पाइप कण्हला, तेव्हा थांबलो. पाइप फुटला असता तर खालच्या सगळ्यांची जिन्यात अंघोळ झाली असती.

ज्या जागेवर बसून लोक गिरकी घेत होते, तीच जागा आता उभी भिंत झाली होती. जिना पूर्ण बंद. आम्ही तिघं वर, बाकी जग खाली.

"माझं औषध घरी आहे," सेक्रेटरी म्हणाला.

"कधीचं?"

"जेवणाआधीचं."

"मग आधी जेवणाचं बघावं लागेल," सर म्हणाले.

सेक्रेटरीनं चौकटीवर चढायचा प्रयत्न केला. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. त्याची पँट नवी होती, सुट्टीसाठी घेतलेली, एवढंच सांगतो. नंतर तो भिंतीला पाठ लावून बसून राहिला, आणि माझ्याच्यानं त्याला काही बोलवलं नाही.

तेवढ्यात खालून बॅगेच्या चाकांचा आवाज आला. बॅग प्रत्येक पायरीवर आपटत येत होती. मी ओळखला. बॅग उचलून घ्यायची नाही, ही तिची लहानपणापासूनची सवय.

मुलगी वळणाखाली येऊन थांबली. तिच्या आणि माझ्यामध्ये पट्ट्यांची उभी चौकट. पट्ट्यांमधून मला तिचा चेहरा तुकड्यातुकड्यांनी दिसत होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, फाटक्या पँटच्या सेक्रेटरीकडे पाहिलं.

"बाबा, काय चाललंय?"

"काही नाही," मी म्हणालो. "प्रवास नीट झाला ना?"

"ही आईची कॉट ना?"

"हो."

"मग जिन्यात काय करतेय?"

मी सगळं सांगितलं. कंपनीची टेप, वृद्धाश्रम, हमाल, सभा. सांगताना मलाच ऐकू येत होतं की यातलं एकेक वाक्य माझ्या विरोधात जातंय. या माणसाला एकटं ठेवण्यासारखं नाही, असं कोणीही म्हटलं असतं. शेवटी जे खरं होतं तेही सांगितलं. "तू यायच्या आत काढायची होती. तू बघशील, मग म्हणशील बाबांना जमत नाही, आणि घेऊन जाशील. मला इथून जायचं नाही गं. म्हणून घाई केली."

ती खालच्या पायरीवर बसली. सर खोकले आणि मग खोकल्याचं वाईट वाटल्यासारखे गप्प झाले.

"मी हीच बघायला आलेय, बाबा," ती म्हणाली.

"कॉट?"

"आई गेली तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्या खोलीत गेलेच नाही मी. मावशी म्हणाली नको जाऊस, आणि मलाही धीर नव्हता. मला आई दिसायची ती फोनवर. हनुवटी आणि छत. तुम्ही फोन वाकडा धरायचात." तिनं पट्टीला हात लावला. "मला बघायचं होतं ती कुठे होती. काल गेली असती ना ही, तर मी रिकामी खोली बघून परत गेले असते."

मी शुक्रवारभर ज्या हमालांना मनात शिव्या घालत होतो, ते मला आठवले.

"काय करायचं सांगा," ती उठून म्हणाली.

आता हे माझं काम होतं. मी बघितलं. कोपरा पाइपाखालून सुटायचा तर चौकट खालच्या बाजूनं थोडी उचलून भिंतीपासून लांब रेटायला हवी होती, आणि त्याच वेळी वरून हँडल फिरवायला हवं होतं. वरून आम्ही तिघं कितीही असलो तरी उपयोग नव्हता. खालून एक माणूस हवा होता.

"चौकट खांद्यावर घे," मी म्हणालो. "भिंतीपासून रेट. सुटली की वजन येईल. सोडू नकोस, मी हळूहळू खाली घेतो."

तिनं बॅग बाजूला केली, वाकली आणि आई जिथे डोकं टेकायची त्या पट्ट्यांना खांदा लावला. सरांनी वरून काठी अडकवली. सेक्रेटरीनं एका हातानं कॉट धरली आणि दुसऱ्या हातानं पँट.

मी हँडल धरलं. ही गेल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता. पण ते मला पाठ आहे. आधी घट्ट लागतं, मध्ये एकदा कट्ट वाजतं, आणि तिथून पुढे अगदी सावकाश यावं लागतं, नाहीतर झोपलेल्याला दचका बसतो.

कोपरा सुटला. वजन आलं. मी फिरवायला लागलो, कट्ट वाजलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "हळू घेतोय हं. मान सैल सोड. झालंच बघ आता."

मुलीनं मान सैल सोडायचं काही कारण नव्हतं. तिच्या खांद्यावर लोखंड होतं.

मी फिरवत राहिलो, कारण मध्ये थांबता येत नाही. चौकट खाली खाली आली आणि आडवी झाली. पट्ट्या गेल्यावर मुलीचा चेहरा सगळा दिसला.

"रोज असं म्हणायचात?" तिनं विचारलं.

"जेवण झाल्यावर. आणि झोपताना."

"ती काय म्हणायची?"

"चिडायची. म्हणायची, कळतंय मला, रोज काय सांगता."

मुलगी हसली, आणि हसता हसता तिथेच कॉटच्या कडेवर बसून रडायला लागली. आई गेली तेव्हा ती आमच्यासमोर रडली नव्हती, पाहुण्यांचं बघत होती. सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सेक्रेटरीला औषधासाठी खाली जायचं होतं आणि वाट आता मोकळी होती, पण तो गेला नाही. ती उठेपर्यंत पँट धरून उभा राहिला. त्या माणसाबद्दल मी आजवर जे जे बोललो त्यातलं काही मी मागे घेत नाही, पण हे लिहून ठेवतो.

नंतर मुलगी म्हणाली, "वर घ्या." खालून ती आणि शिलाईवाल्या बाई, वरून आम्ही. पाच जणांनी एकदम उचलली तेव्हा चाक गजांतून निघालं, थोडा रंग तिथेच ठेवून. कॉट आली तशी तिसऱ्या मजल्यावर परत गेली आणि खोलीत जाऊन आपल्या जागी उभी राहिली. वृद्धाश्रमाला मी फोन केला. क्लार्क म्हणाला, गादी परत हवी आहे का? मी म्हणालो, राहू द्या, तिच्यावर कोणीतरी झोपलं असेल. तो म्हणाला, हो, कालच.

मुलीनं जुन्या दोन गाद्या एकावर एक घातल्या आणि ती त्या खोलीत झोपली. सोफ्यावरची माझी उशी तिनं बघितली आणि खोलीतल्या जमिनीवर माझं अंथरूण टाकलं.

सकाळी मी चहा घेऊन गेलो. ती जागी होती, छताकडे बघत. छताला एक ओल आहे, ती वाढत चाललीय. त्याबद्दल मी सेक्रेटरीला तीनदा सांगितलंय.

"आई हेच बघत असायची?"

"हेच. तिला ते बदक दिसायचं."

तिनं डोळे बारीक केले. "हो की. चोच इकडे." मग म्हणाली, "बाबा, आभार मानत होतात का रोज?"

"भिंतीचे मानले एकदा."

"आणि काल?"

"हमालांचे."

"ते तर टाकून पळाले ना?"

"म्हणूनच."

तिनं चहाचा कप घेतला, पण आडवं राहून पिता येईना. मी पायथ्याला गेलो, हँडल फिरवलं आणि तिला वर घेतलं. ती टेकून बसली, आईसारखीच, कप दोन्ही हातांत धरून. चहा संपेपर्यंत तिनं खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या इमारतीत कोणीतरी गॅलरीत बादली उलटी करून ठेवली होती, तेवढंच दिसतं तिथून.

"मी बुधवारी निघते," ती म्हणाली.

मी थांबलो. माझं सामान किती होईल, कोणती बॅग, असं काहीतरी डोक्यात येऊन गेलं.

"एकटीच जाईन," ती म्हणाली. "तुम्ही इथेच राहा. मला यायला घर राहू दे."

"बरं," मी म्हणालो.

तिनं रिकामा कप माझ्या हातात दिला आणि डोळे मिटले. अजून थोडं झोपते म्हणाली. मी हँडल सावकाश फिरवत तिला खाली घेतलं, आणि कप विसळायला गेलो.